खण भरलेला असताना

माझ्या धाकट्या भावाला खोटं बोलता येत नाही. तो फार मोठा सज्जन आहे असं मी म्हणणार नाही, सख्खी बहीण असून म्हणणार नाही. पण खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात, आणि कान मुळातच पसरट, त्यामुळे लपवायची सोय नाही. शाळेत असताना त्याने काही लपवलंय का हे आई त्याच्या तोंडाकडे न बघता कानांकडे बघून ठरवायची. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याने मला जो सल्ला दिला तो देताना त्याचे कान एकदाही लाल झाले नाहीत. झाले असते तर मी वाचले असते.

तो बोर्ड दुरुस्त करतो. कपडे धुण्याचं यंत्र, लिफ्ट, पाण्याचा पंप, माझ्यासारखीचं शिलाईचं मोठं यंत्र, या सगळ्यांच्या पोटात एक हिरवी पाटी असते आणि तिच्यावर मुंग्यांएवढे भाग चिकटवलेले असतात. यंत्र बंद पडलं की लोक ती पाटी काढून त्याच्याकडे आणतात. त्याचं दुकान एका अरुंद गल्लीत आहे, एका बाजूला किल्ल्या करणारा आणि दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला. आत गेलं की आधी डाग द्यायच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, धुराचा वास येतो, मग टेबलावरचे काळे चट्टे दिसतात, आणि मग त्या सगळ्यावर वाकलेला हा दिसतो. कपाळावर सतत भिंग अडकवलेलं. जेवतानाही काढत नाही. त्यामुळे गल्लीत त्याला सगळे भिंगच म्हणतात. एकदा एका बाईने बिलावर त्याचं नावही तेच लिहायला लावलं आणि त्याने निमूटपणे लिहिलं.

आमचं दोघांचं पहिल्यापासून भांडण. चहात साखर किती, खिडकी उघडी ठेवायची की बंद, वडिलांचा जास्त लाडका कोण, कशावरूनही. मी एक म्हटलं की तो दोन म्हणणार, हे ठरलेलं. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, लग्न होऊन नवीन आली तेव्हा बिचारी घाबरून आतल्या खोलीत जाऊन बसायची. नंतर तिला कळलं की आम्ही भांडत नसलो तर समजायचं कोणीतरी आजारी आहे.

मी पडदे शिवते. घरांचे, कचेऱ्यांचे, एकदा एका नाट्यगृहाचाही शिवला होता, तो फरशीवर पसरायला आम्हाला शेजारच्या शाळेचा वर्ग भाड्याने घ्यावा लागला. माझा एक गाळा होता. भाड्याचा, पण माझाच म्हणायचा इतकी वर्षं मी त्यात बसले. त्याला समोरच्या भिंतीएवढी खिडकी होती. पडदेवालीच्या खिडकीला पडदा नाही म्हणून गिऱ्हाइकं चेष्टा करायची. पण मला उजेड लागायचा. मखमलीच्या लवेचा कल कुठल्या बाजूला आहे ते दिव्याखाली कळत नाही, दिवसाच्या उजेडातच कळतं.

आमचे हे गेले, त्यांच्या विम्याचे पैसे आले. त्याच सुमारास गाळ्याच्या म्हाताऱ्या मालकांनी सांगितलं की ते सगळं विकून मुलाकडे राहायला जाणार आहेत. आधी तुम्हाला विचारतो, म्हणाले, जमत असेल तर घ्या, मी जाईपर्यंत थांबतो. भला माणूस होता. पैसे जवळपास होते, पण पुरे नव्हते. थोडे कमी पडत होते. हे थोडेच आमच्या मुळावर आले.

धाकट्याचं एक तत्त्व होतं. माल चांगला तर कंपनी चांगली. आणि माल चांगला की वाईट हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? दिवसभर त्याच्यासमोर मेलेले बोर्डच येत. कोणता भाग आधी मरतो आणि कोणता शेवटपर्यंत टिकतो हे त्याला पाठ. एका छोट्या कंपनीची एक चिप होती, मोटार फिरवण्याचं काम करणारी. ती कधीच जळायची नाही. "अख्ख्या बोर्डाचा कोळसा झालेला असतो," तो सांगायचा, "आणि ही बया मध्ये जिवंत बसलेली असते." त्या चिपेबद्दल तो जितक्या कौतुकाने बोलायचा तितक्या कौतुकाने भावजयीबद्दल बोलला असता तर तिचं आयुष्य सुधारलं असतं.

मग तुटवड्याचा काळ आला. चिपा कुठे मिळेनात. गाड्यांचे कारखाने अडून बसले, यंत्रांच्या किमती वाढल्या, आणि याची ती लाडकी चिप सोन्याच्या भावाने विकली जाऊ लागली. याने एकाच वेळी तीन व्यापाऱ्यांकडे मागणी नोंदवली, कोणीतरी एकजण देईल म्हणून. बरेच महिने कोणीच दिली नाही आणि मग तिघांनीही दिली. दुकानाच्या भिंतीला लहान लहान खणांचं कपाट आहे, त्यातला एक खण त्याने त्या चिपांनी काठोकाठ भरला आणि मला ओढून दाखवला. लहानपणी गोट्या जिंकून आणल्यावर जसा दाखवायचा तसाच.

मीच त्याला विचारलं. आपणहून तो आला नव्हता, हे मी त्याला पुढे किती वेळा ऐकवलं, पण त्याच्या डोक्यात शिरत नाही. मी विचारलं की गाळ्याला थोडे कमी पडतायत, ते वाढवायचा काही मार्ग आहे का. त्याने भिंग कपाळावर सरकवलं आणि त्या कंपनीचे शेअर घे म्हणाला. त्याने स्वतःही घेतले होते. सेमीकंडक्टर हा शब्द तो इतक्या थाटात उच्चारायचा की जणू घरचाच कोणी मोठा अधिकारी झालाय. मोठ्या कंपन्या आधीच महाग झाल्यात, म्हणाला, ही लहान आहे, वाढेल ती हीच वाढेल.

मी निम्मे पैसे लावले. आणि ते वाढले, अगदी डोळ्यांदेखत. मी खिडकीला नव्या काचा बसवायचा विचार करू लागले. धाकटा तर जमिनीवरच नव्हता. किल्लीवाल्यालाही सल्ले देत सुटला होता, पण किल्लीवाल्याकडे लावायला काही नव्हतं म्हणून तो बचावला.

पुढे भाव उतरू लागला. आधी हळूहळू, मग भराभर. वर्तमानपत्रात मंदी हा शब्द रोज यायला लागला. मी त्याला म्हटलं, आहेत तेवढे काढून घेऊ या का? तो म्हणाला, "ताई, वेडी आहेस का? चिप तीच आहे. काल जेवढी चांगली होती तेवढीच आज आहे. तीच वस्तू निम्म्या किमतीत मिळत असताना तू विकायला निघालीस?" मी त्याच्या कानांकडे पाहिलं. कान अगदी नेहमीसारखे होते. त्याचा त्यावर मनापासून विश्वास होता. मी वाद घातला, भरपूर घातला, पण शेवटी उरलेले निम्मेही दिले. कापडाचा भाव पडला की मी स्वतःही जास्तीचे तागे घेऊन ठेवतेच की, असं मी मनाला समजावलं.

पुढचं लवकर सांगून टाकते, कारण ते घडलंही लवकर. त्या कंपनीकडे ती एकच नावाजलेली चिप होती आणि ती घेणारं मोठं गिऱ्हाईकही एकच, एक यंत्रांचा कारखाना. त्या कारखान्याने सांगितलं की आमची गोदामं भरलेली आहेत, यंत्रं खपत नाहीत, सध्या काही पाठवू नका. कंपनीने तुटवड्याच्या काळात मोठं कर्ज काढून नवा विभाग उभा केला होता. हप्ते थांबेनात, विक्री होईना. मग तिने पडत्या भावात आणखी शेअर काढले आणि आमचा वाटा पाणी घातल्यासारखा पातळ झाला. त्यानंतर मात्र धाकटा स्वतःच म्हणाला की आता विकू. पण विकायला गेलं तर घेणाराच नाही. मोठ्या कंपनीच्या शेअरला पडत्या काळातही कोणीतरी गिऱ्हाईक असतं, हिच्याकडे कोणी ढुंकून बघेना. शेवटी बँकेने कंपनी ताब्यात घेतली आणि एका बड्या कंपनीला विकली. आमच्यापर्यंत जे आलं त्यातून गाळ्याच्या दाराला नवं कुलूप आलं असतं.

धाकटा त्यानंतर बरेच दिवस फिरकला नाही. भावजय सांगायची, जेवत नाही, बोलत नाही, दुकानात जाऊन नुसता बसून राहतो. मग एका दुपारी तो गाळ्यात आला. मी टेबलावर मोठा पडदा पसरून त्याची किनार मोडत होते. त्याच्या हातात तो खण होता. कपाटातून पुरता उपसून काढलेला, रस्त्याने तसाच छातीशी धरून आणलेला. त्याने तो माझ्या पडद्यावर ठेवला. एरवी मी केवढी ओरडले असते.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"त्यांचीच चिप. मोज पाहिजे तर. जवळपास सगळ्या तशाच आहेत."

"बरं. मग?"

तो बसला नाही. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. "तुझे दुसरे पैसे लावले ना, त्याच आठवड्यात व्यापाऱ्याचा फोन आला होता. म्हणाला, स्वस्तात देतो, कितीही घे. मी त्याला म्हटलं, माझ्याकडे खण भरलेला आहे, मला वर्षभर एकही नको. दुसऱ्याचा आला, त्यालाही तेच सांगितलं. आणि तिथून उठून तुझ्याकडे आलो."

मला अजून नीट उमगलं नव्हतं. ते त्याला दिसलं असावं.

"मी त्यांची एक चिप घ्यायला तयार नव्हतो, ताई. आणि तुला त्यांचे शेअर घ्यायला लावले."

मग कळलं. अगदी लख्ख कळलं, कारण हे मला शिवणाच्या धंद्यातून माहीत होतं. एका वर्षी अस्तराचं कापड बाजारातून नाहीसं झालं होतं. मी चार ठिकाणी मागणी दिली, सगळ्या पडदेवाल्यांनी दिली. गिरणीवाल्याला वाटलं काय मागणी आहे, त्याने रात्रंदिवस माग चालवले, आणि मग आम्हा सगळ्यांकडे इतकं अस्तर झालं की पुढे कितीतरी दिवस त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. धाकट्याने तीन ठिकाणी नोंदवलं, तसंच त्या कारखान्याने नोंदवलं, तसंच दुनियेतल्या प्रत्येक भिंगाने नोंदवलं. जिला तो मागणी समजत होता ती त्याची स्वतःचीच घाई होती, तिप्पट झालेली. कंपनीची खरी अवस्था सांगणारी गोष्ट त्याच्या कोपराजवळ, त्या कपाटात होती. तो रोज त्यातली एखाददुसरी चिप काढायचा आणि खण पुन्हा आत ढकलायचा.

"मला आधी दिसायला हवं होतं," तो म्हणाला. "भिंग लावून बसतो मी दिवसभर."

त्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलत नसताना मी ते पहिल्यांदाच तसे पाहिले.

तो वाट बघत होता. मी ओरडावं, काहीतरी फेकून मारावं, असं त्याला हवं होतं हे मला समजत होतं. आणि मला ते जमेना. आमचे हे आठवले, त्यांचे ते विम्याचे हप्ते आठवले. मी खण उचलून बाजूला ठेवला, पडद्यावरची सुरकुती झटकली आणि चहा घेतोस का म्हणून विचारलं. त्याहून मोठी शिक्षा मी त्याला देऊ शकले नसते. मुद्दाम दिली नाही, पण दिली खरी.

गाळा गेला. म्हाताऱ्या मालकांनी जमेल तितकं थांबून पाहिलं, मग हात जोडले. धाकटा म्हणाला, माझं दुकान विकतो. मी त्याला वेड्यात काढलं. मग खाणार काय, तुझ्या त्या चिपा? शेवटी असं ठरलं की त्याच्या दुकानाचा पुढचा अर्धा भाग मी घ्यायचा. मधोमध जमिनीवर त्याने चिकटपट्टी लावली, अलीकडे कापड, पलीकडे डाग द्यायचं काम. माझी यंत्रं त्याने स्वतः उचलून आणली, एकट्याने, पाठ धरेपर्यंत. उजेडाकडची बाजू मला दिली आणि स्वतः आतल्या अंधारात दिवा लावून बसला.

आणि तेव्हापासून त्याने भांडणं सोडून दिलं. मी काहीही म्हटलं तरी "हो ताई". पंखा बंद कर, हो ताई. पंखा लाव, हो ताई. माझ्या आधी येऊन माझी बाजू झाडून ठेवायचा, तागे खांद्यावरून आणायचा, गिऱ्हाईक आलं की हातातलं काम टाकून खुर्ची पुढे करायचा. मी बाहेर कुठे गेले तर परत येईपर्यंत माझ्या यंत्राला तेल घातलेलं. गल्लीतले लोक म्हणायचे, काय भाऊ मिळालाय. मला मात्र त्याचा असा राग यायचा की सांगता सोय नाही. मी गाळा घालवून बसले होते, आणि वर भाऊही गेला होता. त्याच्या जागी हा कोणीतरी मऊ, घाबरलेला नोकर येऊन बसला होता.

मी त्याला डिवचून पाहिलं. चहात मुद्दाम साखर कमी घातली. पिऊन म्हणाला, छान झालाय. मग एका दुपारी, काम थंड असताना, मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. म्हटलं, काही म्हण, वडिलांची लाडकी मीच होते. आयुष्यभर या एका वाक्यावर त्याने तोंड सोडलेलं आहे. पुरावे द्यायचा, साक्षीदार आणायचा. तो बोर्डावरून मानही वर न करता म्हणाला, "तूच होतीस, ताई."

मी उठून बाहेर गेले आणि किल्लीवाल्याच्या पायरीवर बसून रडले. गाळा गेला तेव्हा मी रडले नव्हते.

तो खण पुन्हा कपाटात आहे. अजून संपलेला नाही. कंपनी गेली तरी चिप तशीच आहे, जळत नाही, बिघडत नाही. ती बसवलेला बोर्ड दुरुस्तीला परत येत नाही. पण तो खण ओढताना तो आधी माझ्याकडे बघतो, मी बघतेय का ते पाहतो, आणि मी बघत असले तर दुसरंच काम हातात घेतो. कित्येकदा मी मुद्दाम पाठ फिरवून बसते, त्याचं काम अडू नये म्हणून.

मग ती मलई रंगाच्या पडद्याची गोष्ट झाली. भारी कापड होतं, एका दवाखान्याचं. माझ्या बाजूला जागा नव्हती म्हणून मी त्याची घडी पट्टीपलीकडे त्याच्या टेबलावर टेकवली होती. त्याने न बघता तापलेली डाग द्यायची काडी त्यावर ठेवली. मला वास आला. धावत जाऊन उचललं तर बोटभर भोक, कडेने तपकिरी, आणि घडीच्या सगळ्या थरांतून आरपार.

मी ओरडले. कापडावरून सुरुवात केली आणि मग थांबताच येईना. माझ्या खिडकीवर ओरडले, तिच्यावर आता नव्या मालकाने काळा कागद चिकटवलाय त्यावर ओरडले. आमचे हे तापातही कामावर जायचे आणि हप्ता चुकवायचे नाहीत, ते पैसे तू आणि तुझ्या त्या न जळणाऱ्या बयेने खाल्ले, असं म्हणाले. खण भरलेला असताना तुला दिसलं कसं नाही, तुझ्या कपाळावर काय शोभेला काच लावलीय का, असंही म्हणाले. जे त्या दुपारी चहा विचारून गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं. झेरॉक्सवाल्याने यंत्र बंद केलं. किल्लीवाला दारात येऊन उभा राहिला.

धाकटा खाली मान घालून ऐकत होता. कान लालभडक. ऐकून घेता घेता त्याची नजर जमिनीवरच्या पट्टीकडे गेली, मग टेबलाकडे, मग माझ्याकडे. आणि त्याने तोंड उघडलं.

"ते कापड पट्टीच्या अलीकडे कोणी ठेवलं होतं?"

"काय?"

"ही माझी बाजू आहे. इथे आग असते. तू कापड इथे ठेवलंसच कशाला?"

मी म्हटलं, जागा कुठे आहे तिकडे. तो म्हणाला, ते ताग्यांचे रिकामे पुठ्ठे फेकून दे म्हणून मी पहिल्या दिवसापासून सांगायला हवं होतं, जपून काय ठेवतेस, वंशपरंपरेने द्यायचेत का कोणाला. मी म्हटलं, तुझे जळके बोर्ड आधी फेक. तो म्हणाला, त्या बोर्डांवर पोट चालतं. मी म्हटलं, माझं पोट पुठ्ठ्यांवर चालतं. किल्लीवाला हसायला लागला तसे आम्ही दोघेही त्याच्यावर घसरलो. आणि या सगळ्यात धाकटा कडाडून म्हणाला, "आणि वडिलांचा लाडका मीच होतो. त्या दिवशी उगाच हो म्हटलं."

तेवढा वेळ माझा भाऊ दुकानात होता.

संध्याकाळपर्यंत तो पुन्हा गप्प झाला. त्याने ती सगळी भोकं भिंगाखाली धरून, धाग्याला धागा जोडून रफू केली, दवाखान्याला शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी यायच्या आत माझी बाजू झाडलेली होती आणि मी पंखा लाव म्हटल्यावर तो म्हणाला, "हो ताई." त्याचं ओझं माझ्या एका ओरडण्याने उतरणार नव्हतं, हे मला कळायला हवं होतं. मी माफ केलंय असं सांगून पाहिलं, तर तो खणाकडे बघत बसतो. आणि खरं सांगायचं तर खिडकी आठवली की माझंही मन दरवेळी साथ देत नाही.

म्हणून मी आता अधूनमधून पट्टीपलीकडे, त्याच्या टेबलावर, एखादं कापड ठेवते आणि तो तोंड उघडायची वाट बघते. भारी नसतं, उरलेल्या अस्तराचा तुकडा असतो.